अडीच घर मंडळाचा अर्धा गुण

“एक नको, अर्धाच आणा,” चष्मेवाल्याची बायको म्हणाली. “अर्धा गुण आणलात तर खोली तुमची. नाही आणलात तर उद्या सकाळी पट, घड्याळं आणि तुमचे ते तीन रिकामटेकडे माझ्या खोलीतून बाहेर.”

चष्मेवाला तेव्हा दाढी करत होता. अर्ध्या गालावर फेस आणि अर्ध्यावर अपमान घेऊन तो वळला.

“रिकामटेकडे कसे? त्यांतला एक तर तुझा सख्खा भाऊ आहे.”

“म्हणून तर एवढ्या खात्रीने सांगतेय.”

खोली म्हणजे दुकानामागची डोळे तपासायची खोली. खिडकी नाही, दाराला काळा पडदा, भिंतीवर वरून खाली बारीक होत जाणारा अक्षरांचा तक्ता. सोमवार ते शनिवार तिथे गिऱ्हाइकं एक डोळा झाकून तक्ता वाचत. रविवारी दुपारी तिथे बुद्धिबळाचं मंडळ भरे. घोडा अडीच घरं चालतो म्हणून मंडळाचं नाव ‘अडीच घर’. “अडीच घर म्हणे,” बायको म्हणायची. “खोली एक, तीही माझी.” तिला मधली भिंत पाडून आरसे लावायचे होते, फ्रेमा मांडायच्या होत्या आणि रविवारीही दुकान उघडायचं होतं.

“बघ,” चष्मेवाला मवाळ होत म्हणाला, “मंडळ बंद झालं तर मी रविवारभर घरीच असेन. गेल्या उन्हाळ्यात खोलीला रंग काढला तेव्हा एक रविवार होतोच की. केवढी मदत केली मी स्वयंपाकघरात.”

यावर ती त्याच्याकडे नुसतं बघत राहिली.

आता अर्धा गुण ही काही फार मोठी मागणी नव्हे, असं कोणालाही वाटेल. पण साखळी स्पर्धेत मंडळाचे अकरा सामने झाले होते, दर सामन्यात चार डाव, म्हणजे चव्वेचाळीस डाव. आणि त्यांत मिळून मंडळाची कमाई होती शून्य. जिंकला तर एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा, एवढा साधा हिशेब. पण मंडळाला अर्ध्याचीही गाठ पडली नव्हती. “शून्याचं एक बरं असतं,” मेहुणा म्हणायचा, “चौघांत वाटलं तरी कमी पडत नाही.” वर्षअखेर ज्या संघाच्या नावावर शून्य, त्याला साखळीतून नारळ. आणि बारावा, शेवटचा सामना होता वकिलांशी.

वकिलांच्या संघाबद्दल काय सांगावं. त्यांचे मोठे वकील सात वर्षं हरले नव्हते. एका सामन्यात त्यांनी समोरच्याच्या राजाला पटावर इतकं फिरवलं, इतकं फिरवलं, की शेवटी तो राजा दमून आपणहून आडवा झाला. हे बघणारी माणसं अजून हयात आहेत. इतर तिघे कनिष्ठ वकील. पण त्यांतला सर्वांत कनिष्ठही नियमांचं पुस्तक उशाखाली घेऊन झोपायचा.

त्यांच्यासमोर आमचे चौघे. चष्मेवाला कप्तान, कारण खोली त्याच्या बायकोची. मेहुणा इतका झटपट खेळे की मोहरा पटावर टेकायच्या आत त्याला पश्चात्ताप झालेला असे. तिसरा घड्याळजी, समोरच्या गल्लीतला दुरुस्तीवाला, चष्मेवाल्याचा शाळासोबती. त्याचं लक्ष पटावर कमी आणि शेजारच्या घड्याळाच्या टिकटिकीवर जास्त. आणि पहिल्या पटावर मास्तर. गणित शिकवून निवृत्त झालेले. मास्तरही हरतच, पण सावकाश हरत. त्यांच्या एका चालीच्या वेळात समोरच्याने गुळगुळीत दाढी करून बसावं, तर उठताना हनुवटीला खुंट लागत.

मास्तरांच्या या सावकाशीवरच चष्मेवाल्याची सारी मदार होती. बुद्धिबळाच्या घड्याळाला दोन तबकड्या असतात. आपली चाल झाली की बटण दाबायचं, म्हणजे आपली तबकडी थांबते आणि समोरच्याची चालू होते. प्रत्येकाला एकेक तास. तबकडीच्या माथ्यावर एक लाल निशाण असतं. तास संपत आला की काटा ते उचलून धरतो, आणि संपला की ते पडतं. निशाण पडलं की माणूस हरला. मग पटावर त्याच्या हत्तींचा कळप का असेना.

मास्तरांसमोर पहिल्या पटावर बसणारे मोठे वकील एकेक चाल चवीने खेळत. आणि मास्तर तासाच्या आत काही मात होऊ देणारे नव्हते. तेव्हा वकिलांचाच तास जरा लवकर संपला तर?

सकाळी दहा वाजता चष्मेवाल्याने खोलीचं दार आतून लावलं, पहिल्या पटाचं घड्याळ उलटं केलं आणि पाठीमागचं झाकण काढलं. प्रत्येक तबकडीमागे एक पितळी पट्टी होती: एकीकडे सरकवली की काटे रेंगाळत, दुसरीकडे सरकवली की पळत. मन म्हणालं, हे बरं नव्हे. चष्मेवाल्याने मनाला सांगितलं, तू संघात नाहीस, तू गप्प बस. मग चष्म्याच्या काड्या घट्ट करायच्या बारीक पेचकसाने त्याने वकिलांच्या बाजूची पट्टी ढिली केली, टोकापर्यंत सरकवली आणि पेच पुन्हा आवळला. आवळता आवळता पेचकस दोनदा घसरला. पण घड्याळ पळायला लागलं. त्याने मोजून पाहिलं: तास पस्तीस मिनिटांत संपत होता.

बारा वाजता घड्याळजी आला. सामन्याआधी चारही घड्याळं कानाला लावून तपासायची, हा त्याचा रिवाज. तीन घड्याळांना त्याने मान डोलावली. चौथं कानाला लावलं आणि डोळे मिटले. मग ते घेऊन पडद्याआड गेला.

चष्मेवाल्याने पडद्याला कान लावला. हा इमानदार मनुष्य. पट्टी जागेवर आणली असेल तर संपलंच सगळं. पाच मिनिटांनी घड्याळजी बाहेर आला.

“ठीक आहे ना रे?” चष्मेवाल्याने विचारलं.

“आता ठीक आहे.”

तो चहाला गेल्यावर चष्मेवाल्याने घाईघाईने वकिलांची तबकडी चालू करून कान लावला. पळत होती. तश्शीच पळत होती. म्हणजे घड्याळजीला काही कळलेलं दिसत नव्हतं. मित्राच्या कानांबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच वाईट मत होऊनसुद्धा चष्मेवाल्याला इतका आनंद कधी झाला नव्हता.

तेवढ्यात मास्तर आले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात रुमाल, आणि रुमालात चष्म्याचे सात तुकडे.

“बसमध्ये बसलो,” मास्तर म्हणाले.

“मग?”

“चष्मा आधीच बसला होता.”

चष्म्याच्या दुकानात फ्रेमा पाचशे होत्या, पण काच एकीलाही नव्हती. मास्तरांना चष्म्याशिवाय घोडा आणि उंट यांत फरक फक्त मनाने करता येई. त्यांचा आणि चष्मेवाल्याचा नंबर जवळपास सारखाच. तेव्हा चष्मेवाल्याने छातीवर दगड ठेवून स्वतःच्या नाकावरचा चष्मा काढला आणि मास्तरांच्या नाकावर चढवला.

“आता दिसतंय?”

“छान दिसतंय. पण तुम्ही असे का बघताय?”

“मी बघत नाहीये मास्तर. मी अंदाज करतोय.”

बरोबर पावणेदोनला वकील आले. चौघेही काळ्या कोटात. दाराशीच मेहुणा तबक घेऊन उभा होता, कारण ‘अडीच घर’चा जुना दंडक असा की मनगटावरची घड्याळं खोलीबाहेर काढून ठेवायची.

“हे कोणत्या नियमाखाली?” कनिष्ठ वकिलाने पुस्तक उघडत विचारलं.

“चार घड्याळं चार वेळा सांगतात, साहेब,” घड्याळजी म्हणाला. “माझ्या कानाला ते सोसत नाही. खोलीत वेळ एकच, पटावरची.”

मोठे वकील हसले. ज्याला सात वर्षं कोणी हरवलं नाही तो माणूस उदार असतो. त्यांनी घड्याळ काढून तबकात ठेवलं, मग बाकीच्यांनीही ठेवलं, आणि मेहुण्याने ते तबक बाहेर गल्ल्यावर बहिणीपुढे सरकवलं.

“ताई, सांभाळ गं.”

“तू हरून येईपर्यंत सांभाळते. म्हणजे फार वेळ नाही.”

ताईचा अंदाज चौदा चालींत खरा ठरला. चहाचं आधण ठेवलं होतं त्याला अजून बुडबुडेही आले नव्हते, तोच मेहुणा बाहेर येऊन बिस्किटाचा पुडा शोधू लागला. पाठोपाठ चष्मेवाला पडला. त्याचा डाव तसा बरा चालला होता. पण चष्म्याविना त्याने उंट समजून वजीर मारायला दिला आणि वर “कसा अडकवला” म्हणून हात चोळले. तिसरा घड्याळजी. त्याचे डोळे आपल्या पटावर होते, पण कान पहिल्या पटाच्या घड्याळाकडे; आणि मान अधूनमधून अशी वळे, जशी आईची मान पाळण्याकडे वळते. त्याला मात झाली हे त्याला समोरच्याने दोनदा सांगावं लागलं. उठल्या उठल्या त्याने तिन्ही पटांची घड्याळं थांबवली आणि कपाटात घातली.

आता अडीच घर मंडळ, काळ्या पडद्याची खोली आणि चष्मेवाल्याचे उरलेले सगळे रविवार एकट्या मास्तरांवर येऊन थांबले.

मास्तर हरत होते. पण काय सुंदर हरत होते. मोठ्या वकिलांनी त्यांचा एक हत्ती मारला, मास्तरांनी अकरा मिनिटं विचार केला. एक उंट मारला, मास्तरांनी चष्मा पुसला. तो उसना असल्यामुळे जरा जास्त काळजीने पुसला. मोठे वकीलही घाईत नव्हते. शिकार हातची आहे हे कळल्यावर मांजर जसं मिशा चाटत बसतं, तसे ते प्रत्येक चालीआधी छताकडे बघून स्वतःशी हसत.

चष्मेवाला डोळे बारीक करून घड्याळाकडे बघत होता. त्याला एक लाल ठिपका दिसला. वकिलांचं निशाण उचललं गेलं होतं. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग त्याने डोळे आणखी बारीक केले, आणि चढलेलं मांस उतरलं. त्याने घड्याळजीचं मनगट धरून त्याला पडद्याबाहेर दुकानात ओढलं.

“लाल किती दिसतात रे तुला?”

“दोन.”

“नीट सांग. मला चष्मा नाही म्हणून मला दोन दिसतात. तुला किती?”

“दोनच. मास्तरांचंही उचललंय.”

“मास्तरांचं कसं उचलेल? त्यांचा तर अजून बराच…” चष्मेवाल्याने जीभ चावली.

“बराच काय?”

“काही नाही.”

घड्याळजीने दुकानातल्या आरशात स्वतःकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “तुला म्हणून सांगतो. दुपारी त्या घड्याळाची एक बाजू पळत होती. पट्टी मागे आणायला गेलो, तर कोणा गाढवाने पेचाचं डोकं पार खाल्लेलं. फिरेचना. नवा पेच रविवारी कुठे मिळतो?”

“मग?”

“मग काय. दुसऱ्या बाजूचीही पट्टी तेवढीच सरकवली. एक बाजू चुकली तर तो अन्याय. दोन्ही बाजू सारख्याच चुकल्या की त्याला न्याय म्हणायचं.”

चष्मेवाला गल्ल्याला टेकला. “आणि ते गाढव?”

“ते नाही कळलं,” घड्याळजी म्हणाला. “त्याच्याकडे चष्म्याचा पेचकस होता, एवढं ओरखड्यावरून दिसतंय.”

त्याच वेळी चष्मेवाल्याची बायको चहाची किटली आणि कपांचा ट्रे घेऊन दोघांच्या मधून पडदा सारून आत गेली. मोठ्या वकिलांनी शह दिला होता. मास्तरांनी राजा एक घर सरकवला. वकिलांनी पुन्हा शह दिला. मास्तर पुन्हा सरकले. पुढच्या चालीला मात होती, हे मेहुण्यालासुद्धा दिसत होतं. म्हणजे ती किती उघडी असेल बघा. तिन्ही कनिष्ठ पटावर वाकले होते. मोठ्या वकिलांनी वजीर उचलला, चिमटीत धरला आणि ही शेवटची गोडी जरा लांबवावी म्हणून छताकडे पाहिलं. गालातल्या गालात हसू. डोळे मिटलेले.

“अहो,” मेहुणा बिस्किट चघळत म्हणाला, “दोन्ही पडलीत की.”

सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दोन तबकड्या, दोन निशाणं, दोन्ही खाली. चष्मेवाला आणि घड्याळजी आत धावले तेव्हा वजीर अजून हवेतच होता.

“कोणाचं आधी पडलं?” मोठ्या वकिलांनी विचारलं.

कनिष्ठ वकिलाने पुस्तक काढलं आणि उभं राहून वाचलं: ज्याचं निशाण आधी पडलं तो हरला, मात्र दोन्ही पडलेली आढळली आणि आधी कोणतं पडलं ते सिद्ध होत नसेल, तर डाव बरोबरीत.

“सिद्ध होईल,” मोठे वकील म्हणाले आणि त्यांनी कोट सारखा केला. “खोलीत माणसं होती. साक्षी घेऊ.”

कनिष्ठ तिघे म्हणाले, आम्ही पट बघत होतो. मेहुणा म्हणाला, मी बिस्किट बघत होतो. मास्तर म्हणाले, मी राजाला जागा शोधत होतो.

“कप्तान?”

“मी बाहेर होतो,” चष्मेवाला म्हणाला. “आत असतो तरी चष्मा नाही.”

“चष्मेवाल्याला चष्मा नाही. बरं. घड्याळजी?”

“मीही बाहेर होतो.” आयुष्यात घड्याळ सोडून पहिल्यांदाच दुसरीकडे बघितलं आणि नेमकं तेव्हाच हे झालं, या दुःखाने त्याचा आवाज कापत होता.

मोठे वकील सावकाश वळले. मास्तरांच्या खुर्चीमागे चष्मेवाल्याची बायको ट्रे घेऊन उभी होती.

“वहिनी, तुम्ही इथेच उभ्या होतात?”

“इथेच.”

“घड्याळ समोर होतं?”

“अगदी समोर.”

“नजर कशी आहे?”

“नंबर शून्य,” ती म्हणाली. “या दुकानात तेवढं एकच शून्य मला आवडतं.”

“मग सांगा. आधी कोणाचं पडलं?”

खोलीत इतकी शांतता पसरली की भिंतीवरच्या तक्त्यातली सर्वांत खालची ओळसुद्धा वाचता आली असती. चष्मेवाल्याने डोळे मिटले. एक शब्द. ती नुसतं ‘मास्तरांचं’ म्हणाली की भिंत पडली, आरसे लागले, खोली तिची.

“मी चहा ओतत होते, वकीलसाहेब,” ती म्हणाली. “ओतताना मी कपात बघते. आठ कप भरले, बशीत थेंब सांडलेला नाही, हवं तर पुरावा म्हणून बघून घ्या. पण मी म्हणते, घड्याळ तुमच्या नाकासमोर होतं. तुम्ही कुठे बघत होतात?”

मोठ्या वकिलांनी तोंड उघडलं. कनिष्ठ तिघांनी आशेने त्यांच्याकडे पाहिलं. मोठ्या वकिलांनी तोंड मिटलं, वजीर पटावर आडवा ठेवला आणि हात पुढे केला.

“बरोबरी,” ते म्हणाले.

मास्तरांनी हात हातात घेतला. “एक चाल अजून असती तर मी हरलो असतो,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. चष्मेवाल्याने त्यांच्या पायावर पाय दिला. तो पाय मोठ्या वकिलांचा निघाला, पण ते त्या वेळी लक्षात येण्याच्या स्थितीत नव्हते.

दुकानात तबकातलं घड्याळ उचलून मोठे वकील थबकले. “सव्वातीन? आपण दोनला बसलो. माझा एक तास संपला, मास्तरांचा एक संपला. म्हणजे चार वाजून गेले असणार. हे मागे पडलंय.”

“माझ्यातही सव्वातीनच आहेत,” पुस्तकवाला कनिष्ठ म्हणाला.

“माझ्यातही.”

“माझ्यातही.”

मेहुणा काहीतरी बोलणार होता, पण बहिणीने त्याच्या तोंडात बिस्किट कोंबलं. मोठे वकील चारही घड्याळांकडे आळीपाळीने बघत राहिले. तीस वर्षांची वकिली त्यांच्या कपाळावर गोळा झाली.

“चार साक्षीदार शब्दाला शब्द एकच सांगतात,” ते शेवटी म्हणाले, “याचा अर्थ काय?”

“पढवलेले आहेत,” कनिष्ठ एका सुरात म्हणाले.

“बरोबर.” आणि चौघांनी आपापल्या घड्याळाचे काटे फिरवून सव्वाचार केले. चार धडधाकट घड्याळं डोळ्यांदेखत बिघडवली जाताना घड्याळजीने कपाटाचा कोपरा घट्ट धरून ठेवला होता. “पण रंगला हं डाव,” जाता जाता मोठे वकील मास्तरांना म्हणाले. “दोन तास कसे गेले कळलंच नाही.” दुसऱ्या दिवशी चौघेही कोर्टात तासभर आधी जाऊन बसले आणि न्यायाधीश वेळ पाळत नाहीत म्हणून त्यांनी रीतसर अर्ज केला, असं म्हणतात. अर्जाचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. पण अर्जावरची वेळसुद्धा चुकलेली होती.

संध्याकाळी चष्मेवाला कप विसळायला बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

“बरं झालं तुला दिसलं नाही ते.”

“मास्तरांचं आधी पडलं,” ती म्हणाली.

कप त्याच्या हातातून निसटला. तिने तो वरच्या वर झेलला.

“चांगले तीन कप आधी पडलं. वकिलांचं मी पाचवा कप भरत असताना पडलं.”

“मग सांगितलं का नाहीस? एका शब्दात खोली तुझी झाली असती.”

“झाली असती की. आणि तुम्ही रविवारी घरी.” तिने कप पुसून फळीवर ठेवला. “गेल्या उन्हाळ्यात एकच रविवार होतात. सगळे डबे उंचीप्रमाणे लावलेत. मीठ मला बुधवारी सापडलं.”

तेवढ्यात घड्याळजी आपली पेटी घेऊन दारात आला. “वहिनी, ते पहिल्या पटाचं घड्याळ नेतो. नवा पेच बसवून दोन्ही पट्ट्या जागेवर आणतो. रात्री झोप लागायची नाही मला नाहीतर.”

“त्याला हात लावू नका,” ती म्हणाली. “दर रविवारी तुमच्यासाठी दोनदा चहा, दोनदा भांडी, आणि तरी दिवे लागेपर्यंत तुम्ही उठत नाही. आज एका चहात घर मोकळं झालं. उलट बाकीची तिन्ही घड्याळंही पुढच्या रविवारपर्यंत तशीच करून ठेवा. खोली ठेवायची असेल तर.”

घड्याळजीने चष्मेवाल्याकडे पाहिलं. चष्मेवाल्याने खाली मान घालून खिशातून तो बारीक पेचकस काढला आणि मुकाट्याने त्याच्यापुढे धरला.

“तो तुझ्याकडेच राहू दे,” घड्याळजी म्हणाला. “पेच खातो तो.”